कारक व्यक्ती : पत्नी

माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबत नाही, हे मिरजेतल्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. मी नाही म्हणणार नाही. नवऱ्याला तर मी रोज बोलते. ओला टॉवेल गादीवर टाकला म्हणून बोलते, शिकवणीची वेळ उलटली तरी मुलांना सोडत नाहीत म्हणून बोलते, आमटी गार झाली तरी ह्यांची तान पुरी होत नाही म्हणून बोलते. ते ऐकून घेतात, मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करतात. चाळीस वर्षं आमचा संसार असा चालला, आणि मी म्हणते चांगला चालला.

आणि मग एका यंत्रानं सांगितलं, की ह्या बाईमुळं हा माणूस मरणार आहे.

आमचे हे म्हणजे विद्याधर हुपरीकर, गाण्याचे मास्तर. मैफिली गाजवणारे नव्हेत, पण ह्यांनी गळा तयार करून दिलेली मुलं मुलखात सगळीकडं आहेत. त्या संध्याकाळी शिकवणीत यमन सांगत होते. एका मुलीला म्हणाले, ‘नीट ऐक, गांधार कुठं लागतो बघ,’ आणि गांधार लावायच्या आतच तंबोऱ्यावर कलंडले. मी लाटणं टाकून धावत बाहेर आले. डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. मी नावानं हाक मारली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, सगळ्या मुलांदेखत, ‘विद्याधर!’ म्हणून ओरडले. जरा वेळानं त्यांनी मोठा श्वास घेतला, उठून बसले आणि म्हणाले, ‘काय झालं? सगळे असे उभे का?’

दवाखान्यात ईसीजी काढला, तो नावापुरताच जरा इकडंतिकडं. रक्तात पोटॅशियम थोडं कमी निघालं. बीपीच्या गोळीनं तसं होतं म्हणून गोळी बदलली, सलाइनमधून भरपाई केली आणि तो विषय तिथंच मिटला. हृदयाच्या डॉक्टर होत्या समीना मुजावर. आमच्या लेकीपेक्षा, सानिकापेक्षा थोडी मोठी असेल पोरगी, पण बोलणं असं शांत, की माझ्यासारखीचाही आवाज खाली यावा.

‘काका, तुमचं हृदय चोरासारखं वागतंय,’ त्या म्हणाल्या. ‘आम्ही बघत असलो की शहाणं. म्हणून त्याच्यावर रात्रंदिवस पाळत ठेवायची. महिनाभर पट्टी लावू या.’

मग नेहमीची विचारपूस झाली. औषधं कुठली? बीपीची गोळी. तंबाखू, दारू, सुपारी? उत्तर मीच दिलं. ‘डॉक्टर, गाणारा माणूस आहे हा. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात घालत नाहीत. आंबट नाही, तळकट नाही, बर्फाचं पाणी नाही. गळ्यापायी मी ह्यांना फुलासारखं जपलंय.’

‘दिसतंय ते,’ डॉक्टर हसून म्हणाल्या आणि पुढच्या प्रश्नाकडं वळल्या.

माझ्या सासऱ्यांना पूर्वी होल्टर लावलं होतं, ते मला आठवतं. कमरेला डबा, छातीवर वायरींचं जाळं, अंघोळ बंद, आणि दिवसभरात काय काय केलं ते कागदावर लिहून ठेवायचं. ह्यांना लावली ती पट्टी बोटाएवढी. डाव्या छातीवर चिकटवली की संपलं. अंघोळ करा, गा, झोपा. ती प्रत्येक ठोका टिपते आणि दवाखान्यात पाठवते.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मला एका दमात कळलं, म्हणजे तुम्हालाही कळेल. हृदयाचा ठोका विजेवर पडतो. ठोका पडून गेला की ती वीज पुन्हा भरून यावी लागते, तेवढा क्षणभर विसावा असतो. हा विसावा काही कारणानं लांबला, आणि वीज पुरती भरायच्या आत पुढचा ठोका पडला, तर सगळा ठेका विस्कटतो. हृदय रक्त ढकलायचं सोडून नुसतं थरथरत राहतं, आणि माणूस पडतो. थरथर आपोआप थांबली तर उठून बसतो. नाही थांबली तर उठत नाही.

‘म्हणजे समेच्या आधीच कुणीतरी हात मारतंय,’ हे म्हणाले.

‘अगदी तसंच, काका. आणि तो कोण, हे पट्टी शोधून काढेल.’

नवं होतं ते हेच. जुनं होल्टर ठेका कधी चुकला ते सांगायचं, ही पट्टी का चुकला तेही सांगते. आता प्रत्येकाच्या मनगटावर ओळखीचं कडं असतंच. बस त्यावर, दवाखाना त्यावर, घराचं कुलूप त्यावर. पट्टी त्या कड्यांवरून ओळखते, की माणसाजवळ कोण आहे. आसपास कुणाचा आवाज चढला, माणूस कसल्या हवेत आहे, झोपला किती, चालला किती, सगळं जमा करते. शब्द ऐकत नाही, तेवढी मर्यादा कायद्यानं घालून दिली आहे. मग लाखो रोग्यांच्या नोंदी शिकून बसलेला संगणक हे सगळं ठोक्यांशी ताडून बघतो आणि निकाल देतो. त्या निकालाला कारक म्हणतात. कुणाचं कारक थंड पाणी निघतं, कुणाचं रात्रपाळी. आणि कुणाचं कारक माणूस निघतं.

ह्या पट्टीनं गेल्या काही वर्षांत काय उलथापालथ केली, ते तुम्ही ऐकून असालच. सांगलीतल्या एका कचेरीत पाच जणांच्या पट्ट्यांत एकच साहेब कारक निघाला, त्याची बदली झाली. घटस्फोटाच्या अर्जाला लोक पट्टीचा निकाल जोडायला लागले. आमच्या मागच्या गल्लीतल्या बाईंच्या पट्टीत सून कारक निघाली, तर सुनेनं हट्टानं स्वतःला पट्टी लावून घेतली आणि तिच्यात सासू कारक निघाली. दोघींनी चुली वेगळ्या केल्या. एका मास्तरांच्या पट्टीत म्हणे अख्खी सातवी ब निघाली. हे सगळं ऐकून मी पोट धरून हसले होते, आणि वर म्हणाले होते, ‘बरं झालं, यंत्रापुढं कुणाची लपवाछपवी चालत नाही.’

तो महिना मी ह्यांची बडदास्त जरा जास्तच ठेवली. एवढं पडून उठलेला माणूस. मऊ भात, साजूक तूप, दोन्ही वेळ ताजी भाकरी. गळा दुखतो म्हणाले म्हणून ज्येष्ठमधाचा काढा दिवसातून दोनदा होता तो चारदा केला, आणि सदऱ्याच्या खिशात कांड्या भरून ठेवल्या. त्यांना दगदग नको म्हणून आलेल्यागेलेल्यांना दारातूनच वाटेला लावलं. आणि हो, बोललेही. आजारी असताना जिना चढून गच्चीवर गेले म्हणून तर असं बोलले, की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. मधे आठवडाभर तेवढी बहिणीच्या नातवाच्या मुंजीला रत्नागिरीला गेले होते. तोवर ह्यांना डबा लावून दिला होता.

निकाल ऐकायला आम्ही दोघं गेलो. सानिका नाशिकहून पडद्यावर होती. डॉक्टरांनी महिन्याचा आलेख भिंतीवर टाकला. जिथं विसावा लांबला तिथं तांबडं, बाकी हिरवं. पहिले दोन आठवडे तांबडं वाढत गेलेलं. मग पाचसहा दिवस ते उतरत उतरत हिरवं झालेलं. मग पुन्हा तांबडं, पहिल्यापेक्षा दाट.

‘हा हिरवा आठवडा कुठला?’ ह्यांनी विचारलं.

डॉक्टर माझ्याकडं बघत नव्हत्या. ‘काकू मुंजीला गेल्या होत्या तो.’

खाली एकच ओळ होती. कारक व्यक्ती : पत्नी. संबंध : ठाम.

मी आधी हसले. खरंच हसले, मला वाटलं सानिकानं काहीतरी चावटपणा केलाय. मग बघितलं तर कुणीच हसत नव्हतं.

‘डॉक्टर, अहो, मी बोलते, पण ते...’ पुढं मला सुचेना. जन्मात पहिल्यांदा सुचेना.

‘काकू, ह्यात कुणाचा दोष नसतो,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘काही हृदयं आवाजाला, ताणाला नाजूक असतात. माणूस वरून हसत असतो, आतून शरीर दचकत असतं. ते त्याचं त्यालाही कळत नाही.’ मग त्यांनी सांगितलं, की ठेका विस्कटला की झटका देऊन सावरणारं तारेचं यंत्र छातीत बसवता येईल, पण त्याआधी कारक दूर करून बघायचं असा आता नियम आहे. त्याला संपर्क-विराम म्हणतात. मी तीन महिने दुसरीकडं राहायचं. फोन चालेल, पण हळू आवाजात.

हे एवढे चिडलेले मी कधी बघितले नव्हते. ‘काय चाललंय हे? चिकटपट्टी सांगते म्हणून माणूस बायकोला घराबाहेर काढतो का? मला काही त्रास नाही हिच्या बोलण्याचा!’

आलेख चालूच होता. त्यांचा आवाज चढला तसा भिंतीवर एक तांबडा ठिपका उमटला. सगळ्यांनी तो पाहिला.

घरी येऊन मी पिशवी भरली. हे दारात आडवे उभे राहिले. ‘उज्ज्वला, तू कुठं जायचं नाहीस. मी सांगतोय.’

‘आणि मी राहिले, आणि एखाद्या दिवशी बोलता बोलता तुम्ही पडलात तर?’ मी म्हटलं. ‘मग मी काय करू? कुणाला तोंड दाखवू?’ हे सगळं मी कुजबुजल्यासारखं बोलले. तेव्हाच माझ्या आवाजाची मला भीती वाटायला लागली होती.

नाशिकला लेकीनं जावयानं मला हातावर झेललं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी गप्प झाले. नात दुधाचा पेला सांडायची, तर माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळायची. म्हटलं, कुणाचं हृदय कसलं आहे कुणाला ठाऊक. सानिका म्हणायची, ‘आई, अगं बोल की काहीतरी, घर कसं खायला उठतंय.’ मी म्हणायची, ‘काय बोलायचंय त्यात.’ रात्री पडल्या पडल्या मी चाळीस वर्षांतलं आपलं एकेक बोलणं आठवायची. सासूबाई गेल्या तेव्हा मी ह्यांना लगबग करा म्हणून ओरडले होते. सानिकाच्या वेळी दवाखान्यात कळा देता देता ओरडले होते. प्रत्येक वेळी ह्यांचं हृदय आतून दचकलं असेल, आणि वरून हे हसले असतील. हे मनात आलं की मला जेवण जायचं नाही.

तिकडं आलेख हिरवा झाला होता. पंधरा दिवसांत तांबड्याचा ठिपकाही नाही. डॉक्टर खूश, सानिका खूश. शेजारच्या बाई सानिकाला फोनवर म्हणाल्या, ‘मास्तर कसे टवटवीत झालेत बघ. ऑपरेशन नको, काही नको, सुंठीवाचून खोकला गेला.’ फोन स्पीकरवर होता आणि मी समोर भाजी निवडत होते. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, नवरा जगणार होता माझा. पण रोजचा हिरवा दिवस माझ्याविरुद्ध साक्ष देत होता. त्या आनंदासारखं दुःख मी दुसरं भोगलेलं नाही.

ह्यांचा फोन रोज दुपारी यायचा. ‘आज डब्यात दोडक्याची भाजी होती, मी टाकून दिली.’ मी म्हणायची, ‘असू दे.’ ‘आज चष्मा न लावताच बाजारात गेलो.’ मी म्हणायची, ‘सांभाळून जात जा.’ एकदा म्हणाले, ‘ओला टॉवेल चार दिवस गादीवर पडलाय. वास यायला लागलाय त्याला. रागाव की गं जरा.’ मला हुंदका आला म्हणून मी फोन ठेवला.

दीड महिना झाला असेल, त्यांनी सांगितलं, ‘पट्टी काढून ठेवलीय मी. आता यंत्रबिंत्र काही नाही. तू ये.’

‘आधी पट्टी लावा,’ मी म्हटलं. ‘लावत नाही तोवर मी फोन घेणार नाही.’

‘माझा जीव आहे, उज्ज्वला. माझ्या जिवाचं काय करायचं ते मी ठरवीन.’

‘आणि तो घेणारी मी ठरेन, त्याचं काय?’

मग म्हणाले, ‘बरं, लावतो.’ त्या दिवसापासून ते बोलावायचे थांबले. आवाज मात्र दिवसेंदिवस बसत चालला होता. शिकवण्या वाढवल्या होत्या त्यांनी, रिकामं घर सोसत नव्हतं म्हणून. त्यांच्या घशाची ती खरखर ऐकून माझा जीव वरखाली व्हायला लागला. मी तिथं नाही, बोलायचं नाही, भांडायचं नाही. निदान गळा तरी राखावा त्यांचा. एवढं तर माझ्या हातून होऊ दे.

गाणाऱ्याच्या घरात ज्येष्ठमधाला औषध म्हणत नाहीत, जसं तुम्ही मिठाला औषध म्हणत नाही. माझे सासरे गायचे, तेही दिवसभर कांडी चघळायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा काढा शिकवला, मग आमटी. ह्यांना तर गॅस पेटवायचा कंटाळा. मी हातात दिलं तर प्यायचे, मी खिशात घातलं तर चघळायचे. मी गेल्यापासून ते सगळं बंद पडलं असणार, हे मला घशाच्या आवाजावरूनच कळलं. मी बाजारातून चांगल्या पिवळ्याजर्द कांड्या निवडून आणल्या, धुतल्या, वाळवल्या, कुटल्या, वस्त्रगाळ केल्या आणि मोठी बरणी भरून पाठवली. बरोबर कांड्यांची जुडीही दिली. फोनवर सांगितलं, ‘चमचाभर पूड पाण्यात उकळायची, चार वेळा. चालढकल करायची नाही.’

‘नाही करणार,’ हे म्हणाले. आवाजात मला कितीतरी दिवसांनी हुशारी वाटली.

आणि दोनच आठवड्यांत, तीन महिने पुरे व्हायला थोडे दिवस राहिले असताना, हे शिकवणीत पुन्हा पडले. ह्या वेळी आपोआप उठले नाहीत. एका विद्यार्थिनीनं छाती दाबत ठेवली, रुग्णवाहिकेतल्या माणसांनी छातीला झटका दिला, तेव्हा कुठं ठेका जागेवर आला.

आम्ही मायलेकी मिरजेत पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. अतिदक्षता विभागाचं काचेचं दार सानिकापुढं उघडलं, माझ्यापुढं मिटलं. मी कडं पुन्हा धरलं. दारावर अक्षरं आली : कारक व्यक्ती, प्रवेश नाही. मागं रांगेत लोक होते. सगळ्यांनी ते वाचलं.

सानिका आत जाईना. मी तिला ढकललं, ‘जा तू, बाबांजवळ कुणीतरी हवं.’ आणि मी बाकावर बसले. इतकी लाज मला कशाची वाटली नव्हती, आणि राग कुणावर काढावा तेही कळत नव्हतं.

डॉ. मुजावर बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. ‘शुद्धीवर आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘पण मला काही कळेनासं झालंय, काकू. दहाबारा दिवसांपासून तांबडं पुन्हा चढत होतं. आम्हाला वाटलं शिकवण्यांचा ताण असेल. यंत्र म्हणतंय, कारक संपर्कात नाही.’

‘मी नाशिकला होते हो,’ मी म्हटलं. ‘दोनअडीच महिने तोंडातून शब्द काढलेला नाही मी. आणखी काय करायचं होतं मी? तुम्हीच सांगा.’

ह्या वेळी आवाज चढला. चढू दिला मी. डॉक्टर ऐकून घेत राहिल्या, आणि मग एकदम थांबल्यासारख्या झाल्या. ‘तुम्ही नव्हता. ते खरं. पण तुमचं दुसरं काही इथं आलं का? दहाबारा दिवसांत?’

‘माझं काय येणार? एक बरणी तेवढी पाठवली. ज्येष्ठमधाची.’

‘किती घेतात ते?’

मी सांगितलं. चार वेळा काढा आणि खिशात कांड्या. किती वर्षं? सगळा जन्म, पण चार वेळा आजारपणापासून. मुंजीच्या आठवड्यात? छे, कोण देणार? डब्यावर होते तेव्हा? नाही. मी एकेक सांगत गेले आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. आतून रक्ताचा ताजा आकडा मागवला. पोटॅशियम तळाला गेलेलं होतं.

मग त्यांनी सांगितलं. ज्येष्ठमधात एक द्रव्य असतं, ते मूत्रपिंडाला चकवतं. मीठ शरीरात अडवून ठेवायला लावतं आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावतं. मीठ अडलं की बीपी वाढतं. बीपी वाढलं म्हणून गोळी देतात, आणि ती पहिली गोळीही पोटॅशियमच घालवणारी होती. ठोक्यानंतर हृदयात वीज भरून यायला पोटॅशियम लागतं. ते नसलं की विसावा लांबतो. घसा बसला म्हणून चार दिवस घेणाऱ्याला काही होत नाही. पण रोज, इतकं, ह्या वयात घेतलं, तर गोळी बदलली तरी होतं.

‘मी तुम्हाला औषधं विचारली होती,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘खाणंपिणं नाही विचारलं. पहिल्यांदा पोटॅशियम कमी दिसलं तेव्हा मुळाशी जायला हवं होतं. पट्टी सांगेल म्हणून मी थांबले. चुकलं माझं, काकू.’

माझं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. माझ्या मनात एकच घोळत होतं. म्हणजे माझ्या जिभेनं नव्हे. माझ्या हातानं. जीभ वाईट म्हणून ती तरी आवरली असती, पण हाताचं मला काय ठाऊक? जे मी प्रेमानं कुटून, गाळून पाठवलं, त्यानं हा माणूस मेला होता. झटका देऊन परत आणला म्हणून आहे. यंत्रानं तर खोटं सांगितलंच नव्हतं. माझ्याशिवाय दुसरं कोण होतं त्याचं कारक? मी पदर तोंडात कोंबून रडले. डॉक्टरांनी माझा हात धरून ठेवला, काही समजूत घालायला गेल्या नाहीत, ते बरं केलं.

त्यांनी आपल्या कड्यावरून माझ्या नावावरची बंदी उठवली. दार उघडलं. मी दाराबाहेरच थांबले.

‘काकू, पोटॅशियम चालू केलंय. उद्यापर्यंत आलेख सुधारेल. जा आत,’ त्या म्हणाल्या.

हे उशीला टेकून बसले होते. छाती भाजल्यासारखी लाल झाली होती, ओठ सुकले होते. मला बघून चेहरा असा उजळला, की मला आणखीच मेल्यासारखं झालं. सानिका उठून बाहेर गेली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ज्येष्ठमध, मूत्रपिंड, मीठ, गोळी, सगळं.

‘अरेच्चा,’ हे म्हणाले. ‘म्हणजे बाबासुद्धा...’ त्यांचे वडीलही असेच एका दुपारी गातागाता गेले होते. होल्टर लावून काही सापडलं नव्हतं. आम्ही दोघांनीही तो विचार मनात येऊ दिला आणि तिथंच ठेवला.

‘तुम्ही रोज घेत होता? चार वेळा?’ मी विचारलं.

‘पाच वेळा,’ ते म्हणाले. ‘तू पाठवलं होतंस ना.’

मग मी ते विचारलं, जे इतके दिवस विचारायचं राहिलं होतं. ‘खरं सांगा. त्या दिवशी यंत्रानं माझं नाव घेतलं, तेव्हा तुम्हाला खरं वाटलं होतं?’

मला वाटलं, नाही म्हणतील. माणूस बायकोला एवढं खोटं तर बोलतोच.

‘तेव्हा नाही वाटलं,’ ते म्हणाले. ‘पण तू गेलीस आणि सगळं हिरवं झालं. मग वाटलं. म्हटलं, असेल. यंत्र कशाला खोटं सांगेल? हिच्या बोलण्यानंच आपलं हृदय थांबणार.’

‘आणि तरी पट्टी काढून मला ये म्हणालात?’

‘खरं वाटल्यावरच म्हणालो ना,’ ते म्हणाले. ‘एकेक ठोका नीट पडत होता, उज्ज्वला. घरात दुसरा आवाजच नाही. मी नुसता ऐकत बसायचा तो. असला नीट पडणारा ठोका घेऊन मी काय करू? म्हटलं, जितके दिवस मिळतील तितके मिळोत, पण ही समोर असू दे. बोलू दे हिला.’

आता माझं सुटलं. काय वाट्टेल ते बोलले मी त्यांना. अक्कल गहाण टाकलीत का म्हणाले, लेकीचा विचार नाही की नातीचा नाही म्हणाले, मरायला निघालेल्या माणसानं निदान बायकोला विचारायचं तरी, म्हणाले. चार वेळा सांगितलेलं पाच वेळा कुणी प्यायला सांगितलं होतं, म्हणाले. रडत होते आणि बोलत होते, आणि आवाज पार बाहेरच्या बाकापर्यंत जात असणार. हे डोळे मिटून ऐकत होते, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी उशीवर गळत होतं.

नर्स धावत आली. ‘आजी, काय चाललंय हे? हे अतिदक्षता...’ म्हणता म्हणता तिनं उशाशी असलेल्या पडद्याकडं बघितलं. त्यावरचे ठोके तिनं थोडा वेळ नीट निरखले, मग माझ्याकडं पाहिलं, आणि दार ओढून घेऊन निघून गेली.

मी खुर्ची पुढं ओढली आणि बसले. अजून बरंच बोलायचं राहिलं होतं.